किलोला शीग नाही

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आमच्या आतोबांनी मोजून पाहिली नाही अशी एकही वस्तू उरलेली नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. राहणार कडावचे, धंद्याने मापाडी. खळ्यावर आणि बाजारात भात मोजून द्यायचं हे त्यांचं काम, पण काम संपलं म्हणून हात थांबतो थोडाच? कडावाहून कर्जतला जायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं तर ते "तीन पानं" म्हणत. म्हणजे एक पान लावून तोंडात टाकायचं, ते संपलं की दुसरं, तिसरं थुंकलं की कर्जत. पाहुणा किती दिवस राहिला ते दिवसांत न सांगता तांदळात सांगत. माझ्या वडिलांचा मुक्काम एकदा "दीड पायली" झाला होता आणि ते त्यांनी निरोप देताना, मोठ्या प्रेमाने, वडिलांच्या तोंडावर सांगितलं होतं. शाळेच्या बक्षीस समारंभाला आलेल्या पुढाऱ्याचं भाषण त्यांनी जांभयांत मोजलं. लोधिवलीला एका लग्नात तर कहर झाला. वराचे काका जिलेबीला बसले होते आणि समोर वाढायला आमचे आतोबा. वाढता वाढता आतोबा एकदम, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा खळ्यावरच्या आवाजात म्हणाले, "अठरा!" काका पानावरून उठले. त्यांची समजूत घालायला मुलीच्या बापाला अर्धा तास लागला. आतोबांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मी खाऊ नका म्हटलं का? मी फकस्त मोजलं," एवढंच ते म्हणत राहिले.

पण खळ्यावर त्यांना बघावं. भाताच्या राशीपुढे एक गुडघा टेकून बसायचे, पायली राशीत खुपसायची, भरायची, ओतायची, आणि विसरू नये म्हणून तोंडाने आकडा घोळवत राहायचा. पहिल्या मापाला आमच्याकडे कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. "लाभऽ रं लाभ, लाभऽ रं लाभ" करत पहिली पायली पडायची, मग "दोनऽ रं दोन". त्यांच्या हाताबद्दल दोन्ही बाजूंची खात्री असे, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही, आणि मापाड्याच्या जन्मात याहून मोठी पदवी नाही. काठोकाठ भरलेल्या मापावर दाण्यांचं जे टोक उभं राहतं ती शीग. आतोबांच्या हातची शीग वाऱ्याने हलायची नाही. दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर ते पायलीलाही हळदकुंकू लावत आणि आत्याला म्हणत, "ही नि तू, दोघीच लक्ष्म्या हायत घरात." आत्या म्हणे, "तिला तरी रोज हातात घेता."

अशा माणसाच्या सुखी संसारात सरकारने किलो आणला, आणि माझं दुर्दैव असं, की कर्जतच्या शाळेत मुलांना तो शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी नवा नवा मास्तर, फळ्यावर मोठ्या हौशीने दशमान पद्धत मांडत होतो. बघतो तर खिडकीत आतोबा. सगळा तास त्यांनी उभ्याने ऐकला आणि शेवटी मुलांसारखा हात वर केला.

"मास्तर, ह्या किलोची शीग कुठं धरायची?"

"किलोला शीग नसते, आतोबा. काटा बरोबर मध्ये आला की झालं."

"मंग देणाऱ्याचा हात कसा कळणार?"

मुलं हसली. मी पण हसलो आणि फळा पुसायला वळलो. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'किलोमास्तर' ठेवलं आणि आत्याखेरीज सगळं कडाव मला त्याच नावाने ओळखू लागलं. बाजारात तराजू आले, आतोबांचं बाजारातलं काम हळूहळू सुटलं. गावातले लोक मात्र बी-बियाणं मोजायला, एकमेकांचं भात देता-घेताना, त्यांनाच बोलवत. ते मला म्हणत, "तुझा किलो दुकानात. खळ्यावर मी हाय."

आता आत्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याच घशाचं आहे. आमची आत्या म्हणजे आवाज. मागच्या दारी उभी राहून तिने हाक मारली की पलीकडच्या वावरातला बैल थांबायचा. ती जेवायची ती बोलत, हसत, मध्येच उठून कुणाला तरी वाढत. दुपारी तिच्या पडवीत शेजारच्या चारसहा बायका आपापली भाकरी घेऊन जमत आणि तिथे गावातल्या प्रत्येकाचा समाचार घेतला जाई. आतोबांनी या बैठकीचंही माप काढलं होतं. "तोंडं पाच, भाकऱ्या आठ, गोष्टी खंडीभर."

एका साली भाताच्या झोडणीच्या दिवसांत तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू परत आले. उजवा पाय थोडा ओढत चाले, एवढंच. वाचाही आली, आणि तिच्या सगळ्या शिव्यांसकट आली, हे बघून आम्हांला फार बरं वाटलं. आलं नाही ते गिळणं. पाण्याचा घोट घेतला की तो भलत्याच वाटेने जाई, ठसका लागे, डोळे पांढरे होत. कर्जतचा डॉक्टर तरुण होता आणि मोठा समजूतदार. त्याने आम्हांला बसवून नीट सांगितलं, की अन्न श्वासाच्या नळीत गेलं तर फुप्फुसाला धोका आहे. पातळ काही नको, घट्ट पेज, मऊ भात, थोडं थोडं, ताठ बसून, हनुवटी छातीशी घेऊन गिळायचं. चहासुद्धा दाट करून. आणि दर पंधरा दिवसांनी आणून वजन करायचं.

"वजन कशात?" आतोबांनी विचारलं.

"किलोत," डॉक्टर म्हणाला. आतोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू झटकाही मीच आणला होता.

घरी येताच त्यांनी आपली पद्धत सुरू केली. आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायची, समोर पाटावर आतोबा, पुढ्यात दोन वाट्या. एक घास ठसका न लागता खाली गेला, की पहिल्या वाटीत भाताचा एक दाणा. ठसका लागला, की दुसऱ्या वाटीत एक खडा. भरवून घ्यायला आत्याने साफ नकार दिला होता, "मी काय पाळण्यात हाय?" म्हणून चमचा तिच्याच हातात. ती गिळून "हूं" म्हणायची आणि आतोबा मान खाली घालून, चांगला भरलेला दाणा निवडून, वाटीत टाकायचे. "लाभऽ रं लाभ... दोनऽ रं दोन..." चहात त्यांनी आरारूट घालून बघितलं, नाचणीचं सत्त्व घालून बघितलं. प्रत्येक प्रकार आधी स्वतः पीत आणि मलाही पाजत. आरारुटाच्या चहाने माझे ओठ एकमेकांना चिकटले होते. आत्याने तो एकदाच तोंडात घेतला आणि म्हणाली, "ह्यानं पतंग चिकटवा."

पंधरा दिवसांनी ते आदल्या दिवसाच्या दोन्ही वाट्या फडक्यात बांधून डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने आधी दाण्यांकडे बघितलं, मग खड्यांकडे, मग माझ्याकडे. मी घसा खाकरून सगळं समजावलं. माणूस भला, हसला नाही. दाणे मोजले आणि म्हणाला, "चाळीस म्हणजे चांगलंच आहे." आतोबा परतीच्या वाटेवर एकही पान न खाता चालले, इतके ते खूष होते.

शिमग्यानंतर दाणे वाढत गेले. पन्नास झाले, साठ झाले, खड्यांची वाटी जवळजवळ रिकामी. आणि डॉक्टरच्या काट्यावर आत्या मात्र दीड किलोने उतरली. "तुमचा काटा बिघडलाय," आतोबांनी सांगितलं. डॉक्टरने स्वतः काट्यावर उभं राहून दाखवलं, मला उभं केलं. काटा ठीक होता. "मंग किलोच खोटा," असा आतोबांनी निकाल दिला. मला हसू येत होतं, पण आत्याकडे बघून ते विरलं. ती गप्प होती. काही दिवसांपासून ती गप्पच असायची. दुपारी पडवीचं दार लावून घ्यायची. बायका दोनदा आल्या, दार लोटलेलं बघून परत गेल्या. चारचौघांत ठसका लागतो, तोंडाच्या कोपऱ्यातून पेज ओघळते, ते कुणी बघू नये, असं तिला वाटत असणार. जिच्या पडवीत रोज चारसहा जणी जेवायला जमायच्या ती आत्या दाराआड जेवत होती, आणि साठ दाण्यांत याचा एक दाणाही दिसत नव्हता.

एका रविवारी मी तिच्या जेवणाच्या वेळी गेलो आणि पडवीत टेकून बसलो. तिथून मागचं दार नीट दिसत होतं. आत्याने चमचा उचलला. आतोबा मान खाली घालून दाणा निवडू लागले. आत्याचा हात हळूच उंबऱ्याबाहेर गेला, चमचा उपडा झाला आणि आत्या म्हणाली, "हूं." बाहेर तिची तांबडी कोंबडी उभी होती. ती कोंबडी इतकी जाड झाली होती, की तिला पायरी चढवत नव्हती. आत्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

आतोबा वाट्या ठेवायला आत गेले तसा मी तिच्यापाशी सरकलो. "आत्या, हे काय चालवलंयस?"

"बाला, ठसका मला लागतो नि घाम त्यांना फुटतो," ती म्हणाली. "वाटीत खडा टाकताना त्यांचं तोंड बघवत नाय रं. दाणा पडला की कसं फुलतं! म्हणून देते दाणे." मग थोडं थांबून म्हणाली, "नि खरं सांगू? मी जेवत नाय आता. मी मोजून घेते. समोर कुणी मोजाय बसलं की घसाच आवळतो. पेज जाईल रं, पण त्या वाट्या जात नाय घशाखाली."

मला तिथे रडू आलं. इतक्या वर्षांचा मापाडी, दोन्ही बाजूंचा विश्वास कमावलेला, आणि स्वतःच्या घरात फसला, कारण मापाडी माणसाकडे बघत नाही, मापाकडे बघतो. सांगावं तर आतोबांचं काळीज फाटेल, न सांगावं तर आत्या उपाशी. त्या दिवशी मी तसाच कर्जतला परत आलो आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी सांगायचंच असं ठरवून मी पुन्हा कडावला गेलो. तेव्हा वैशाख चालू होता आणि आतोबा अंगणात शेजाऱ्याला बियाण्याचं भात मोजून देत होते. त्यांनी गुडघा टेकला, पायली भरली आणि आवाज दिला, "लाभऽ रं लाभ!"

घराला वळसा घालून तांबडी कोंबडी धावत आली. धावत म्हणजे तिला जमेल तसं, डुलत, धापा टाकत. ती आतोबांच्या पुढ्यात उभी राहिली, मान वर केली आणि चोच उघडली. पायलीतल्या भाताकडे तिने बघितलंसुद्धा नाही, तिला पेज हवी होती. शेजारी हसायला लागला. आतोबा हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं, तिच्या गळ्याखालच्या पोत्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात पुन्हा म्हणाले, "लाभ?" कोंबडी एक पाऊल पुढे आली.

मोजणी अर्धी टाकून उठलेले आतोबा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. ते आत गेले, मी त्यांच्यामागे. आत्या उंबऱ्याशी बसली होती. आमचे चेहरे बघून तिला सगळं समजलं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"शिमग्यापासनं," आत्या म्हणाली.

मला वाटलं आता आकाश कोसळतं. आतोबा दाण्यांची वाटी उचलून मागच्या दाराबाहेर गेले आणि वळसा घालून परत आलेल्या कोंबडीपुढे त्यांनी सगळे दाणे ओतले. "घे गं बाय, तुझेच हायत," म्हणाले. आणि आत्या हसली. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली, पोट धरून, आणि हसता हसता तिला जोराचा ठसका लागला. आतोबांचा हात सवयीने खड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी दुसरी वाटीही उचलून अंगणात रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाट हलवला. समोर बसायचं सोडून ते आत्याच्या शेजारी बसू लागले, आणि स्वतःसाठीही तीच घट्ट पेज वाढून घेऊ लागले. हनुवटी छातीशी लावून तेही गिळायचे. दोघं मिळून अशी मान खाली घालत, की येणाऱ्याला वाटावं, यांच्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय. तोंडाने मोजायची सवय मात्र जाईना. आत्याचा घास उतरला की ते तिच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "लाभ." दुसरा उतरला, "लाभ." तिसरा, चौथा, सगळे लाभच. कोंबडी पहिल्या आठवड्यात प्रत्येक लाभाला येऊन उभी राहायची, मग तिचीही समजूत पटली.

"आतोबा, दोन कुठं गेलं?" मी विचारलं.

"दोन म्हटलं की तीन येतं, मास्तर. तीन आलं की मी वाटीकडे बघाय लागतो."

पुढच्या खेपेला डॉक्टरने सवयीने विचारलं, "काय, दाणे किती?"

"मोजत नाय आता."

"मग सुधारणा आहे की नाही, हे कसं कळतं तुम्हांला?"

आतोबांनी बोटं पुढे केली. "दुपारी दार उघडं ऱ्हातं. बाया येतात, हिच्याजवळ बसतात. परवा ठसका लागला तर उठून आत गेली नाय, तिथंच बसून निस्तरलं. काल चहा परत केला, आरारूट जास्त झालं म्हणून. नि आज निघताना माझ्या धोतरावरनं मला चार शब्द बोलली." डॉक्टरने आत्याला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "अर्धा किलो वाढलंय."

"ते पायलीत मावलं तेवढं," आतोबा म्हणाले. "किलोला शीग नाय, डाक्टर. वरचं मी सांगितलं, ते लिवा."

आणि त्या भल्या माणसाने खरंच लिहिलं. केसपेपरच्या कडेला, वजनाच्या आकड्याच्या वर, मी वाकून वाचलं: 'दार उघडे असते. चहा परत केला.' फार वर्षांनी माझ्या ऐकण्यात आलं, की असे रुग्ण एकटे जेवतात का, चारचौघांत जेवायची त्यांना लाज वाटते का, जेवणात गोडी उरली आहे का, हे मोठमोठे डॉक्टर आता छापील कागदावर विचारतात. मला आमच्या डॉक्टरचा तो कागद आठवला. पण तिथे शीग कशी लिहितात, ते काही मला कळलेलं नाही.

त्या वर्षी नव्या तांदळाच्या जेवणाला आत्या पंगतीत बसली, दाराआड नाही, अगदी मध्ये. आम्ही सगळे आपापलं पान सोडून तिच्याचकडे चोरून बघत होतो. तिसऱ्या घासाला तिला ठसका लागला. पंगत गारठली. आत्याने पदराने तोंड पुसलं, श्वास घेतला आणि आपल्या जुन्या आवाजात म्हणाली, "काय बघता रं मेल्यांनो? तुमाला लागत नाय का कवा ठसका? जेवा!" पलीकडच्या वावरातल्या बैलाचं काय झालं ठाऊक नाही, पण पंगतीतला प्रत्येक हात एकदम पानाकडे गेला. आतोबा लिंबू वाढत होते. ते वाढायचे थांबले आणि म्हणाले, "शिगोशीग."

त्यानंतर आत्या आणखी पाच वर्षं होती. वजन तिचं फारसं कधी वाढलं नाही. ती गेल्यावर महिन्याभराने मी कडावला गेलो. पडवीचं दार उघडंच होतं. बायका येऊन आतोबांना भाकरी देऊन जात, पण बसत नसत. आतोबांनी आमच्या दोघांपुरता भात केला होता, मऊ केला होता, सवयीने. स्वतःचा पाट त्यांनी नेहमीच्या जागी, उंबऱ्यापासून थोडा हटवून मांडला होता, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. माझं पान समोर होतं. मी ते उचललं आणि त्या जागेवर जाऊन बसलो.

मी घास घेतला. तो लवकर उतरेना. आतोबा आपलं जेवण थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घास खाली गेला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लाभ."